न जुळणाऱ्या जोडीची कादंबरी

हलक्याफुलक्या प्रेमकादंबऱ्या मला मनापासून आवडतात, आणि त्यांतही जिथे नायक-नायिका एकमेकांना मुळीच शोभणार नाहीत असे सुरुवातीला वाटते, त्या अधिक आवडतात. पै-पैचा हिशेब ठेवणारी लेखापाल आणि घरभाडे थकवणारा नाटकवाला अशी जोडी समोर आली की शेवट पहिल्याच प्रकरणात ठाऊक होतो. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, कारण त्यांचे जमेल का हा प्रश्नच नसतो. कसे जमेल याची उत्सुकता असते आणि तिथेच लिहिणाऱ्याचे कसब दिसते.

अशा कादंबरीत मी सर्वांत आधी पाहते ते या दोघांना एकमेकांच्या सहवासात राहावे लागण्याचे कारण. पावसात अडकलेली गाडी किंवा चुकलेली बस एका रात्रीपुरती चालते, दोनशे पाने तिच्यावर उभी राहत नाहीत. सामाईक काम हे त्याहून कितीतरी भक्कम कारण आहे, कारण काम करताना माणसाची हुशारी, चिकाटी आणि चिडचीड लपत नाही, आणि प्रेमाच्या आधी जो आदर वाटायला हवा तो तिथेच निर्माण होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बदल दोघांमध्ये झाला पाहिजे. या बाबतीत जेन ऑस्टिन यांच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. एकूण ६१ प्रकरणांपैकी ३४व्या प्रकरणात नायक डार्सी पहिल्यांदा लग्नाची मागणी घालतो आणि नायिका एलिझाबेथ ती स्पष्टपणे नाकारते; दुसरी मागणी येते ती थेट ५८व्या प्रकरणात. मधल्या प्रकरणांत त्याला आपल्या अहंकाराची जाणीव होते आणि नकारानंतर त्याने दिलेले पत्र पुन्हा पुन्हा वाचताना तिला आपण माणसे पारखण्यात किती घाई केली हे कळते. दोघेही आपापल्या जागेवरून हलतात, म्हणून शेवटचा होकार पटतो. याउलट श्रीमंत, तुसडा नायक नायिकेच्या अश्रूंनी विरघळतो आणि तिने मात्र फक्त वाट पाहायची, अशा कथा मला अर्ध्यावरच सोडाव्याशा वाटतात. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेल्या ‘मिल्स अँड बून’ या प्रकाशनाच्या अनेक जुन्या पुस्तकांत हाच साचा आढळतो, जरी त्याच प्रकाशनाने काही अतिशय खेळकर कथाही दिल्या आहेत.

सोलापुरात राहून ही पुस्तके वाचताना एक गोष्ट सतत मनात येते, की अशा कादंबरीला आपल्या शहराइतकी अनुकूल भूमी क्वचितच सापडेल. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा इथे रोजच्या व्यवहारात एकमेकींच्या शेजारी नांदतात. पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकर घरातली, टॉवेलच्या कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणारी मुलगी आणि उधारीवर दिलेल्या सुताच्या पैशांसाठी तिच्या दारात येणारा, अक्कलकोटकडचा कन्नड भाषक तरुण व्यापारी, अशी जोडी कल्पून पाहावी. घरी तो एका भाषेत विचार करतो, ती दुसऱ्या. भांडायला मात्र दोघांना मराठीच घ्यावी लागते, आणि जी भाषा दोघांच्याही घरची नाही तिच्यात रागावताना शब्द जपून निवडावे लागतात. पेमेंट का थकले, सुताचा काउंट, म्हणजे जाडी-बारीकपणाचा क्रमांक, का बदलला, यांवरून सुरू झालेली ही बोलणी हळूहळू वेगळ्या विषयांकडे वळणे किती स्वाभाविक आहे! विनोद मात्र कुणाच्या उच्चारांवर बेतलेला नसावा. तो दोघांच्या हट्टातून यावा, तरच वाचकाला दोघेही प्रिय होतील.

लिहिणाऱ्याला माझी एक विनंती आहे. या कथेत मुलीच्या आजीला केवळ विरोध करणारे पात्र म्हणून ठेवू नये. तिने आयुष्यभर मागावर बसून कापडातला दोष बोटांनी ओळखला आहे. या तरुणाची पारखही तिने तशीच करावी, त्याच्या सुताचा एक धागा ओढून, आणि तो व्यवहारात खरा आहे हे घरातल्या इतरांच्या आधी तिनेच तेलुगूत सांगावे. त्याला एकही शब्द कळला नाही तरी चालेल.