गोकाकचा काळा गोटा

ऑगस्टमध्ये गोकाकला अख्खं बेळगाव लोटतं. ५२ मीटरवरून कोसळणारं गढूळ पाणी, फोटो, कणसं. आम्ही जातो डिसेंबरात. तेव्हा घटप्रभेचं पात्र उघडं पडलेलं असतं आणि दगड बघायला निवांत मिळतात.

बी.एस्सी. भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची सव्वीस मुलं होती. निम्मी मराठी, निम्मी कन्नड. मी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो, एकदा मराठीत आणि एकदा माझ्या मोडक्या कन्नडात, आणि कन्नड पोरं तेवढ्यात हसून घेतात. कड्याच्या थरांवर पाण्यानं उठवलेल्या वळ्या दाखवल्या. ओढ्याच्या तळाशी वाळूवर उमटतात तशाच, फक्त शंभर कोटी वर्षांहून जुन्या. ही कलादगी खडकांची, म्हणजे या भागातल्या प्राचीन खडकसमूहाची वाळू. दाबाखाली घट्ट झाली, कणाकणांच्या मधल्या जागेत सिलिका भरली आणि क्वार्टझाइट झाला. एकानं वळ्यांवर तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. फळ्यावर चार तास घालवून हे होत नाही.

मग खाली पात्रात उतरलो. तिथं काळेभोर, गुळगुळीत गोटे पडलेले असतात आणि माझं दरवर्षीचं आवडतं भाषण तिथंच असतं. "घटप्रभा उगम पावते सह्याद्रीत. सह्याद्री म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. म्हणजे हा काळा गोटा पश्चिमेकडून गडगडत इथं आलाय. जुन्या क्वार्टझाइटच्या अंगणात नवा पाहुणा!" एक गोटा उचलून पिशवीत टाकला, चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलं : गो-७, बेसाल्ट. पर्यटकांच्या जागी मी हातोडा चालवू देत नाही, त्यामुळे तो फोडला नाही. हे नंतर फार आठवलं. परतताना पोरांनी करदंट ही गोकाकची मिठाई घेतली आणि बसमध्ये कुणी झोपलं नाही.

पुढच्या आठवड्यात विशिष्ट गुरुत्वाचं प्रॅक्टिकल. गो-७ आला खानापूर भागातल्या एका मुलीकडे. अबोल पोरगी, वही मात्र शाळेतल्या बाईंसारखी नेटकी. हवेत वजन १८४.२ ग्रॅम, पाण्यात ११४.६. हवेतल्या वजनाला दोन्हींतल्या फरकानं भागलं : २.६५.

"चुकलंय," मी वहीवर नजर टाकत म्हणालो. "बेसाल्ट २.९ च्या आसपास यायला पाहिजे. बुडबुडे चिकटले असतील बघ."

तिनं गोटा ब्रशनं घासला, पुन्हा लोंबवला. २.६४.

"धागा पात्राला लागत असेल."

तिसऱ्यांदा २.६५. तोवर बाकीची मुलं हात धुऊन निघाली होती. ती खाली बघत म्हणाली, "तीनदा केलं की ओ सर. गोटाच तसा आहे."

मी तराजूत आधी दोष काढला. वजनं तपासली, शेजारचा खरा बेसाल्टचा नमुना लोंबवला. २.९२. तराजू शहाणा होता.

आमच्या लॅबमधले मामा तीस वर्षं दगड कापतायत. त्यांनी गोटा करवतीखाली धरला आणि पाण्याच्या फवाऱ्यात कन्नडातच पुटपुटले, "करी अल्ल, सर." काळा नाही. खरंच नव्हता. काळेपणा फक्त वरची साल, नखाहून पातळ, लोह-मँगनीजचा लेप. आत करडट पांढरा, साखरेच्या खड्यासारखा चमकणारा दगड. त्यांनी काप काचेवर चिकटवला आणि कार्बोरंडमवर ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासून आणला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली तेव्हा मी सूक्ष्मदर्शक आधी तिच्याकडे सरकवला.

"काय दिसतंय?"

"करडे कण. काही पिवळट. टेबल फिरवलं की कण एकदम विझत नाही, सावली सरकते."

"प्लॅजिओक्लेजच्या पट्ट्या? बेसाल्टमध्ये असतात त्या?"

"एक पण नाही." मग थोड्या वेळानं, "सर, कणाच्या आत अजून एक गोल रेघ दिसतेय. धुळीची."

ती रेघ म्हणजे मूळ वाळूच्या कणाची कडा, त्यावर नंतर सिलिका वाढलेली. वर्गात ही आकृती दरवर्षी काढतो मी. तिनं न सांगता शोधली होती. हा गोटा सह्याद्रीतून आलेला नव्हता, कुठल्या तरी क्वार्टझाइटचाच तुकडा होता. पाहुणा नव्हे, घरातलाच, फक्त काळा अंगरखा घातलेला. आणि माझं भाषण त्या अंगरख्यावर उभं होतं.

चिठ्ठीवरचं 'बेसाल्ट' मी तिच्यासमोर खोडलं. तीनदा मोजायला लावल्याबद्दल सॉरी म्हणालो, तशी ती इतकी संकोचली की मलाच विषय बदलावा लागला. वही नेताना एवढंच विचारलं, "तिन्ही आकडे ठेवू, की एकच?" तिन्ही ठेव म्हणालो.

ती गेल्यावर खालचा खण उघडला. मागच्या आठ वर्षांचे गोकाकचे काळे गोटे, सगळ्यांवर माझं अक्षर, सगळे बेसाल्ट. पहिला लोंबवला : २.९१. जिवात जीव आला. दुसरा : २.६३.

मामा दिवे बंद करायला आले होते. "नाळे माडोणा," म्हणाले, उद्या करू. मी तिसऱ्या गोट्याला धागा बांधत होतो.