सोळा हजारांचा टीडीएस शोधताना

मार्च २०२३ मध्ये पुण्यातली नोकरी सोडून मी सांगलीला परतले. मी आर्किटेक्ट. दोन ऑफिसांची वर्किंग ड्रॉइंग घरून करून द्यायची आणि गावातली छोटी कामं स्वतः घ्यायची, असं ठरवलं होतं. कामाची भीती नव्हतीच. दार-खिडक्यांचे तपशील, जिन्याचे सेक्शन, टॉयलेटची टाइल ड्रॉइंग हे सगळं मी सात वर्षं करत आले होते. पैशांच्या कागदांकडे मात्र मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. नोकरीत जूनमध्ये पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारा फॉर्म १६ हातात यायचा आणि विषय संपायचा.

पहिलं चाळीस हजारांचं बिल पाठवलं, खात्यात छत्तीस हजार आले. मी घाबरून फोन केला. "मॅडम, दहा टक्के टीडीएस कापलाय, तुमच्याच नावावर भरणार," अकाउंटंट म्हणाले. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून आपल्या नावावर सरकारकडे भरायचा कर. मी निश्चिंत झाले आणि तिथेच चुकले. कापलेला पैसा माझ्या नावावर पोचला का, हे वर्षभर एकदाही पाहिलं नाही.

जून २०२४ मध्ये रिटर्नसाठी सीए मॅडमकडे गेले. वर्षाची जमा पाच लाख वीस हजार. एका ऑफिसचे दोन लाख चाळीस हजार, दुसऱ्याचे एक लाख साठ हजार, बाकी घरगुती कामांचे. तेव्हा आयकर कायद्याचं कलम ४४एडीए आर्किटेक्टना लागू होतं. त्यात एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता यायची, सविस्तर हिशेबवह्यांची सक्ती राहायची नाही. म्हणजे माझं उत्पन्न दोन लाख साठ हजार. नव्या करप्रणालीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता, त्यामुळे कापलेले चाळीस हजार पूर्ण परत मिळायला हवे होते. मॅडमनी २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर किती कर जमा झाला ते दाखवणारा सरकारी तक्ता, उघडला, तर तिथे चोवीस हजारच. दुसऱ्या ऑफिसचे सोळा हजार कुठेच नव्हते!

माझ्यासाठी ते दोन महिन्यांचं घरभाडं होतं.

त्या ऑफिसच्या अकाउंटंटना फोन केला की एकच उत्तर, "भरलंय मॅडम, चलन आहे आमच्याकडे." ते खोटं बोलत नव्हते. शेवटी सीए मॅडमनी सांगितलं, "चलन मागू नकोस, फॉर्म १६ए माग." पगारदाराला जसा फॉर्म १६, तसा आपल्याला १६ए. तो प्रत्येक तिमाहीला मिळायला हवा होता, आणि मी एकदाही मागितला नव्हता. तो काढायला गेल्यावर अकाउंटंटना दिसलं की माझ्या पॅनमधला एक आकडा त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा पडला होता. एकदा भरलेला पॅन चारही तिमाहींच्या २६क्यू विवरणांत, म्हणजे कोणाचा किती कर कापला हे ऑफिसने सरकारला कळवायच्या विवरणांत, तसाच गेला होता. पैसे सरकारकडे पोचले होते, पण माझ्या नावावर नव्हते. पॅन चुकीचा, म्हणून वीस टक्के का कापला नाही, अशी नोटीसही त्यांना आली होती, ती कोणी उघडली नव्हती.

दुरुस्ती त्यांनाच करावी लागते, आपल्या हातात काही नसतं. चार तिमाहींची चार दुरुस्ती विवरणं. मी तीन आठवडे रोज सकाळी दहाला फोन करत होते. शेवटी बसने पुण्याला गेले आणि त्यांच्या टेबलासमोर बसून पॅन कार्डाची प्रत दिली. ते वयाने मोठे, सभ्य गृहस्थ. भांडायचं नव्हतं, पण उठायचंही नव्हतं. त्या दिवशी दोन तिमाही झाल्या, उरलेल्या दोन त्यांनी पुढच्या आठवड्यात केल्या.

रिटर्नची मुदत ३१ जुलै. २६ जुलैला २६एएसमध्ये चारही नोंदी दिसल्या, २७ला रिटर्न भरलं. घरचे म्हणत होते, चोवीस हजारांवर भरून मोकळी हो. नाही म्हटलं याचा मला आजही आनंद आहे. रात्री जागून काढलेल्या ड्रॉइंगचे पैसे होते ते.

सप्टेंबरमध्ये चाळीस हजार आणि वर थोडं व्याज खात्यात आलं. आता प्रत्येक बिलावर नावाखालीच ठळक अक्षरांत पॅन लिहिते आणि तिमाहीचं विवरण भरलं गेलं की २६एएस उघडते. परवा त्याच ऑफिसला बिल पाठवलं. तासाभरात अकाउंटंटचा फोन आला. "मॅडम, पॅन एकदा वाचून दाखवता?" मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं, त्यांनी ते परत म्हणून दाखवलं.