फाइल जागेवर, तरीही ‘नॉट फाउंड’

पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी काम करतो. सहकारी पतसंस्थांचे हिशेब सांभाळणारी प्रणाली आम्ही चालवतो. ठेवी, कर्जाचे हप्ते, पिग्मी एजंटांनी दिवसभरात दारोदार जाऊन जमा केलेली रक्कम, हे सगळे एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असते, आणि त्याचा बॅकअप रोज रात्री दीड वाजता एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई रीजनमधील एका एस-3 बकेटमध्ये, म्हणजे फाइली साठवण्याच्या जागेत, जातो. 26 मार्च 2024 रोजी, धुळवडीच्या सुट्टीनंतरच्या मंगळवारी, चाचणी विभागातील सहकारी माझ्या टेबलाशी आली. वर्षअखेरीच्या व्याज आकारणीची तालीम करण्यासाठी तिला आदल्या रात्रीचा डेटा हवा होता. “बकेटमध्ये शेवटची फाइल 18 तारखेची दिसते आहे. त्यानंतरचे बॅकअप तुम्ही दुसरीकडे ठेवता का?” असे तिने अगदी साधेपणाने विचारले.

आम्ही ते दुसरीकडे ठेवत नव्हतो. मी बकेट उघडली, तारखा पुन्हा पुन्हा वाचल्या, आणि आठ रात्रींचे बॅकअप अस्तित्वातच नाहीत हे लक्षात आले. कंटेनर चालवणाऱ्या क्युबरनेटिस या प्रणालीत मात्र बॅकअपचा क्रॉनजॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम, रोज यशस्वी झाल्याची नोंद होती. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, बकेटवर चौदा दिवसांपेक्षा जुन्या फाइली आपोआप पुसण्याचा नियम आम्हीच लावलेला होता. 18 मार्चची फाइल 1 एप्रिलच्या सुमारास गेली असती, म्हणजे आर्थिक वर्ष संपता संपता आमच्याकडे एकही बॅकअप उरला नसता आणि तो उरलेला नाही हेही आम्हाला कळले नसते. दुसऱ्यांच्या ठेवींचे हिशेब आपल्या भरवशावर असताना ही जाणीव किती जड असते, ते मला त्या सकाळी समजले.

कारण शोधण्याआधी दोन कामे केली. पहिले, फाइली पुसण्याचा तो नियम तात्काळ थांबवला. दुसरे, इमेज साठवणाऱ्या रजिस्ट्रीमध्ये जुन्या टॅगखाली शिल्लक असलेली आधीची कंटेनर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेले गाठोडे) वापरून हाताने एक बॅकअप घेतला आणि तो बकेटमध्ये पोहोचल्याची खात्री केली. साडेअकरापर्यंत निदान आजचा डेटा सुरक्षित होता. अशा वेळी कुतूहल आवरून आधी हेच करावे लागते, नाहीतर कारणाच्या मागे लागण्यात दुपार निघून जाते.

मग लॉग वाचले. क्रॉनजॉबच्या यशस्वी फेऱ्यांपैकी शेवटच्या तीनच क्युबरनेटिस मुळात जपून ठेवते, त्यामुळे तीन रात्रींचेच लॉग हाती लागले, पण तेवढे पुरेसे होते. प्रत्येकात डंप, म्हणजे डेटाबेसची फाइलरूपी प्रत, नीट झाल्याची नोंद होती आणि त्याखाली एकच ओळ होती: ‘एडब्ल्यूएस: नॉट फाउंड’. म्हणजे एस-3वर फाइल चढवणारे कमांड-लाइन साधन, ज्याला आम्ही नुसते सीएलआय म्हणतो, ते इमेजमध्ये सापडत नव्हते. हे मला पटेना, कारण ती इमेज मी स्वतः तपासून मंजूर केली होती आणि सीएलआय आत ठेवण्याची ओळ डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, स्पष्ट होती.

त्याच इमेजचा कंटेनर उघडून आत गेलो. फाइल होती. लिंक ज्या जागी बोट दाखवत होती तिथे ती खरोखर होती, चालवण्याची परवानगीही तिला होती. संपूर्ण मार्ग देऊन चालवली, तरी उत्तर तेच आले. एक क्षण असे वाटले की माझ्या धाकट्या सहकाऱ्याने ॲपलच्या आर्म चिपच्या लॅपटॉपवर इमेज बांधली असावी आणि चुकीच्या प्रोसेसरचे साधन आत आले असावे, पण तसे असते तर संदेश वेगळा, फाइलचा फॉरमॅट चुकीचा असल्याचा आला असता. शिवाय आमच्या इमेज सर्व्हरवर बांधल्या जातात. इमेज आणि यंत्र दोन्ही एक्स-86 जातीचीच निघाली.

उत्तर मिळाले ते ‘रीडएल्फ’ नावाच्या जुन्या साधनाने. लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम एकटे चालत नाहीत. त्यांना लागणारी लायब्ररी स्मृतीत आणून जोडणारा एक लोडर असतो, आणि तो कुठे सापडेल त्याचा पत्ता प्रोग्रामच्याच आत कोरलेला असतो. सीएलआयच्या दुसऱ्या आवृत्तीत पायथनसह सगळे एकत्र बांधून दिलेले असते, पण ते बांधलेले असते जीलिबसी या सी लायब्ररीच्या आधारावर, आणि त्यात कोरलेला पत्ता जीलिबसीच्या लोडरचा असतो. आमची नवी इमेज अल्पाइन लिनक्सवर होती. अल्पाइनमध्ये जीलिबसी नसते, तिथे मसल नावाची दुसरी, आटोपशीर सी लायब्ररी असते आणि तिचा लोडर वेगळ्या नावाने वेगळ्या जागी असतो. लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, सीएलआयची फाइल उघडली, आतला पत्ता वाचला, त्या पत्त्यावर कोणी नाही असे पाहिले आणि ‘अशी फाइल नाही’ हा एकच त्रुटी-क्रमांक परत पाठवला. प्रोग्राम नसला किंवा प्रोग्रामचा लोडर नसला, तरी दोन्ही प्रसंगी क्रमांक तोच असतो. कर्नलला प्रोग्राम चालवायला सांगणाऱ्या सिस्टम कॉलच्या माहितीपानावर ही गोष्ट लिहून ठेवलेली आहे. आपण दिलेल्या आज्ञा चालवणाऱ्या शेलला त्यातला फरक कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून ते जवळचा अर्थ सांगते. संदेश खोटा नव्हता. तो ज्या फाइलविषयी बोलत होता ती फाइल वेगळी होती.

आम्ही अल्पाइनवर का गेलो, हेही सांगायला हवे. आधीची इमेज डेबियन या लिनक्सच्या स्लिम, म्हणजे छाटलेल्या, आवृत्तीवर होती आणि तीत सीएलआयची पहिली आवृत्ती पायथनच्या पिप साधनाने बसवलेली होती. सुरक्षा तपासणीच्या अहवालात त्या इमेजच्या नावावर बऱ्याच त्रुटी येत, त्यांतल्या पुष्कळशा आम्ही कधीही न वापरलेल्या पॅकेजच्या असत. अल्पाइनची मूळ इमेज जेमतेम 5 एमबीची, पॅकेज मोजकी, त्यामुळे अहवाल जवळजवळ कोरा येतो. सहकाऱ्याने बदल सुचवला. त्याने एडब्ल्यूएसच्या अधिकृत सीएलआय इमेजमधून सीएलआयचे फोल्डर उचलून अल्पाइनवर ठेवण्याची युक्ती केली होती. डॉकरमध्ये अशी टप्प्याटप्प्याने इमेज बांधण्याची सोय 2017 पासून आहे आणि ती उत्तम आहे. पण फोल्डरची नक्कल करताना आतले काहीही चालवून पाहिले जात नाही. त्यामुळे बांधणी बिनतक्रार पार पडली, इमेज नेटकी दिसली, आणि 18 मार्चच्या दुपारी मी ती मंजूर केली. सीएलआयला जीलिबसी लागते असे त्याच्या अधिकृत कागदपत्रांत लिहिलेले आहे. मी ते वाचले नव्हते. सहकारी दिवसभर स्वतःला दोष देत होता; मी त्याला सांगितले की मंजुरी माझी आहे आणि या चुकीच्या नोंदीवर नाव माझे असेल.

एवढे झाले तरी जॉब पहिल्याच रात्री अपयशी ठरायला हवा होता. तो का ठरला नाही, याचे उत्तर स्क्रिप्टमध्ये होते आणि ती स्क्रिप्ट तीन वर्षांपूर्वी मीच लिहिली होती. फाइल चढवणाऱ्या आज्ञेचे निकाल पडद्यावरही दिसावेत आणि लॉगमध्येही जावेत म्हणून मी ती आज्ञा पाइपने, म्हणजे एका आज्ञेचा निकाल दुसरीला देणाऱ्या जोडणीने, ‘टी’ला जोडली होती; ‘टी’ आलेला मजकूर दोन्हीकडे पाठवते. पाइपने जोडलेल्या आज्ञांमध्ये यशापयश ठरते ते शेवटच्या आज्ञेवरून. सीएलआय सापडले नाही, पण ‘टी’ने ती तक्रार इमानाने लॉगमध्ये उतरवली आणि आपले काम फत्ते झाल्याचे कळवले. चूक घडताच थांबण्याची सूचना स्क्रिप्टच्या माथ्यावर होती, पण शेलच्या लेखी चूक घडलीच नव्हती. पुढच्या ओळीत, जागा मोकळी करण्यासाठी, तयार झालेला डंप पुसण्याची आज्ञा होती. म्हणजे आठही रात्री बॅकअप तयार होत होता, कुठेही जात नव्हता आणि दोन ओळींनंतर नष्ट केला जात होता. त्या दिवसातली सर्वांत जास्त बोचलेली गोष्ट हीच. लोडरची भानगड मला माहीत नव्हती, हे मी मान्य करू शकतो. पण पाइपचे हे वागणे मला चांगले ठाऊक होते आणि तरीही ती ओळ तीन वर्षे तिथे राहिली.

दुपारी पर्यायांवर चर्चा झाली. अल्पाइनवर जीलिबसीचा आभास निर्माण करणारे एक पॅकेज मिळते. त्याने लोडरचा पत्ता भरून निघतो, पण एवढा मोठा बंदिस्त प्रोग्राम त्यावर पूर्णपणे नीट चालेल याची हमी कोणी देत नाही, आणि बॅकअपसारखे काम अशा ठिगळावर उभे करायला मी तयार नव्हतो. अल्पाइनच्या स्वतःच्या भांडारात मसलसाठी बांधलेले सीएलआयही आहे. तो मार्ग सरळ आहे आणि इतरांनी तो जरूर विचारात घ्यावा. आम्हाला मात्र सीएलआयची आवृत्ती आमच्या सोयीने ठरवायची होती. शेवटी आम्ही डेबियनकडे परतलो, बुकवर्म नावाच्या त्याच्या आवृत्तीच्या स्लिम रूपावर. आमचा सर्व्हर पोस्टग्रेस 15चा आहे आणि बुकवर्मच्या भांडारात त्याच आवृत्तीची क्लायंट साधने मिळतात, हा आणखी एक लाभ होता. डंपचे साधन सर्व्हरपेक्षा जुन्या मुख्य आवृत्तीचे असेल तर ते डंप घ्यायलाच नकार देते, त्यामुळे हा मेळ महत्त्वाचा असतो.

नवी डॉकरफाइल आम्ही दोघांनी शेजारी बसून लिहिली. पहिल्या टप्प्यात सीएलआयची एक निश्चित आवृत्ती उतरवायची, ती अस्सल असल्याचे सांगणारी जीपीजी स्वाक्षरी पडताळायची आणि मगच ती उलगडायची. त्यासाठी लागणारी कर्ल, अनझिप ही साधने त्याच टप्प्यात राहतात, अंतिम इमेजमध्ये येत नाहीत. नंतरच्या ओळीत ती पुसून इमेज लहान होत नाही. इमेज एकावर एक थरांनी बनते; आधीच्या थरात गेलेले तिथेच राहते, वरचा थर ते केवळ झाकतो. दुसऱ्या टप्प्यात फोल्डरची नक्कल केली आणि तिच्याखाली, आधी नसलेली एक ओळ घातली: सीएलआय चालवून त्याची आवृत्ती विचारणारी. ते चालले नाही तर इमेजच बांधली जाणार नाही. इमेज अल्पाइनच्या कित्येक पट मोठी झाली, कारण एकटे सीएलआयच उलगडल्यावर 200 एमबीच्या पुढे जाते. त्याचे मला काही वाटत नाही. ही इमेज रात्री एकदा, एकाच जागी चालते.

स्क्रिप्टही नव्याने लिहिली. डेबियनचे साधे शेल पाइपमधील मधली चूक ओळखत नाही, म्हणून स्क्रिप्ट स्पष्टपणे बॅश या दुसऱ्या शेलवर आणली आणि तिथे ती चूक ओळखण्याची सोय चालू केली. फाइल चढवल्यानंतर बकेटमधल्या फाइलचा आकार विचारून तो स्थानिक डंपशी ताडून पाहायचा आणि दोन्ही जुळले तरच डंप पुसायचा, असा क्रम ठरवला. हे कंटेनरमध्ये हाताने करून पाहताना सीएलआय ‘लेस’ सापडत नाही म्हणून अडले, कारण दुसरी आवृत्ती टर्मिनलवरचा निकाल ‘लेस’सारख्या पेजरमधून, म्हणजे पानापानाने, दाखवते आणि स्लिम इमेजमध्ये तो नसतो. पेजरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिकामे ठेवल्यावर ते मिटले. घाईच्या भरात एकाने चाचणीपुरत्या ॲक्सेस की, म्हणजे एडब्ल्यूएसमध्ये प्रवेश देणाऱ्या गुप्त किल्ल्या, इमेजमध्ये घालण्याचे सुचवले, त्याला मी ठाम नकार दिला. थरात गेलेली की नंतर पुसली तरी ज्याच्या हाती इमेज पडेल त्याला ती काढता येते. आमच्या जॉबला सर्व्हिस अकाउंटमार्फत, म्हणजे क्युबरनेटिसमधल्या त्याच्या स्वतःच्या ओळखीवर, तात्पुरता टोकन मिळतो आणि सीएलआय तो स्वतःच वाचून घेते, त्यामुळे की ठेवण्याचे कारणच उरत नाही.

संध्याकाळी नव्या इमेजने घेतलेला बॅकअप एका वेगळ्या डेटाबेसमध्ये परत उतरवला. सकाळी प्रश्न विचारणाऱ्या सहकारीनेच शाखावार ठेवींच्या बेरजा काढल्या आणि चालू डेटाशी एकेक करून पडताळल्या. रात्री नऊच्या सुमारास शेवटची शाखाही जुळली. एक वेगळी पहारेकरी स्क्रिप्टही लिहिली. ती या इमेजवर अवलंबून नाही, दुसऱ्या यंत्रावरून चालते, आणि 26 तासांत बकेटमध्ये नवी फाइल आली नाही तर आम्हा तिघांना संदेश पाठवते. मी घरी गेलो, पण दीडपर्यंत जागा राहिलो. 27 तारखेची फाइल बकेटमध्ये आली, आकार जुळला, मग झोपलो.

फाइली पुसण्याचा नियम मात्र बंदच ठेवला होता. पहारेकऱ्याकडून एकही संदेश न येता सलग चौदा रात्रींचे बॅकअप जमा झाल्यावर, 9 एप्रिलला गुढीपाडव्याच्या सकाळी, तो पुन्हा चालू केला.