वाघ्या आणि गाडीचा प्रवास

आमच्या वाघ्याचा, लातूर भागात सापडणाऱ्या कारवानी वळणाच्या उंच, सडपातळ कुत्र्याचा, गाडीशी संबंध केवळ परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील दवाखान्यापुरताच आला होता. गाडी म्हणजे सुई, हे समीकरण त्याच्या मनात पक्के बसले होते आणि गाडीचे दार उघडल्याचा आवाज येताच तो बाजेखाली जाऊन बसत असे. त्याला ओढून गाडीत घालणे मला मान्य नव्हते, कारण पट्ट्याने ओढलेल्या कुत्र्याची पुढच्या वेळची भीती आणखी वाढते.

मुळात कुत्रा गाडीला नकार देतो तेव्हा कारण भीती आहे की मळमळ, हे आधी ओळखले पाहिजे. गाडी जागेवर उभी असतानाच तो थरथरत असेल आणि धापा टाकत असेल, तर ती भीती असते. पण गाडी सुरू झाल्यावर थोड्या वेळाने लाळ गळू लागली, तो वारंवार ओठ चाटू लागला, जांभया देऊ लागला, तर पोट ढवळते आहे असे समजावे. पिल्लांमध्ये हा त्रास अधिक दिसतो, कारण कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा अजून पूर्ण विकसित झालेली नसते, आणि पुष्कळदा तो वयाबरोबर कमी होतो. वाघ्याच्या बाबतीत दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली होती, आणि एकदा उलटी झाली की गाडीचा वासही त्याला नकोसा होत असे.

म्हणून आम्ही गाडी हलवण्याचा विचारच बाजूला ठेवला. चारही दारे उघडी ठेवून, मागच्या सीटवर त्याची रोजची वाकळ अंथरून, दुधात कुस्करलेली भाकरी तेथे ठेवू लागलो आणि त्याला हाकही मारली नाही. तो आपणहून चढून निवांत खाऊ लागल्यावर दार लावले, मग नुसते इंजिन सुरू केले, आणि त्यानंतर गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली. ज्या टप्प्यावर तो अस्वस्थ झाला, त्याच्या मागच्या टप्प्यावर परतायचे, हा नियम आम्ही कसोशीने पाळला. पहिला खरा प्रवास दवाखान्याचा नव्हे, तर शेताचा ठेवला, आणि तेथे त्याला मनसोक्त पळू दिले.

प्रवासाच्या काही तास आधी जेवण देत नाही, काच थोडी खाली ठेवतो, पण डोके बाहेर काढू देत नाही. मागच्या सीटवर त्याला छातीच्या पट्ट्याने बांधलेले असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा सराव पहाटेच करावा, कारण बाहेर केवळ 21 अंश तापमान असले तरी बंद गाडीत अर्ध्या तासात 40 अंशांच्या आसपास ते पोहोचते. मग एप्रिल-मेमधल्या आपल्या दुपारी काय होईल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. धापा टाकूनच अंग थंड करणाऱ्या प्राण्याला चहा पिण्यापुरतेही बंद गाडीत ठेवणे मला क्रौर्य वाटते.

आता वाघ्या शेतापर्यंत निवांत येतो. बीडकडे जाताना लागणारा मांजरसुंब्याचा घाट मात्र अजून टाळला आहे. तो ओलांडायचा झाल्यास डॉक्टर मॅरोपिटंट हे उलटीवरील औषध वजनानुसार देणार आहेत, आणि माणसांची गोळी त्याला देऊ नका, अशी त्यांची सक्त ताकीद आहे.