तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांनी ऑफसेट का घेतलं नाही?

वाईत वडिलांच्या ओळखीचं कोणी भेटलं की हमखास विचारतं, "अण्णांचा चांगला जम बसला होता, मग ऑफसेट छपाईचं नवं मशीन का नाही घेतलं? आज कुठल्या कुठे असता." माणसं आपुलकीनेच विचारतात, म्हणून एकदा नीट सांगते.

आमचा छापखाना खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरं हाताने जुळवून छापायचा. पायाने चालवायचं एक छपाईयंत्र, ट्रेडल, आणि भिंतीला लावलेल्या केसेस, म्हणजे खिळे ठेवायच्या खान्यांच्या पेट्या. मराठीत जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार धरले की खाने शेकड्यांनी होतात. खिळे जुळवणारे आमचे दोन्ही कंपोझिटर काका त्यांतून न बघता खिळा उचलत आणि हातातल्या जुळणीच्या पट्टीतली, स्टिकमधली, उलटी अक्षरं सुलट असल्यासारखी भराभर वाचत. खिळे शिशाचे, म्हणून आई संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. त्यात आम्ही मुलंही आलो.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला तो वाईच्याच कचेरीतून. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या गावात छपाईला मान होता, पण आमचं पोट भरायचं ते पावतीपुस्तकांवर, हँडबिलांवर आणि मुख्य म्हणजे लग्नपत्रिकांवर.

पत्रिका घेताना अण्णांना पाहायला हवं होतं. मजकूर आणणारा घाईत असायचा. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरायचे आणि विचारायचे, "धाकट्या आत्याचं नाव दिसत नाही?" समोरचा चुळबुळ करायचा. जमिनीवरून बोलणं बंद असायचं, नाहीतर मागच्या कार्यात मानपानावरून काही झालेलं असायचं. अण्णा वाद घालत नसत. "प्रूफ उद्या देतो, रात्री घरात एकदा बोला," एवढंच म्हणत आणि त्या ओळीपुरती जागा सोडून फर्मा, म्हणजे जुळलेल्या मजकुराची चौकट, बांधायला सांगत. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी नाव यायचं. कधी यायचंही नाही. मग अण्णा मुकाट्याने ओळी सरकवून घ्यायचे.

दशक्रियेच्या पत्रिका मात्र आलेल्या रात्रीच छापून व्हायच्या. त्या घरी पैशांची आठवण अण्णांनी कधी केली नाही. आईला ओढाताण सोसावी लागायची, तरी घड्या घालायला तीच पहिली बसायची. माझ्या मते छापखान्याची अर्धी मालकी तिची होती, पाटीवर नाव नसलं तरी.

नव्वदीत डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं. साताऱ्याहून रंगीत पत्रिका चटकन मिळायला लागल्या. बँक कर्ज द्यायला तयार होती. अण्णांनी वहीत हिशेब मांडला. मशीन बसतं, हप्ता बसतो, पण मजकूर संगणकावर जुळणार, म्हणजे दोन्ही काकांना काम उरत नाही. एकाची मुलगी लग्नाची, दुसऱ्याचे डोळे अधू झालेले. दुसरा धंदा शिकण्याचं वय दोघांचंही नव्हतं. अण्णांनी वही मिटली आणि आईला म्हणाले, "हे दोघं आहेत तोवर खिळेच."

त्याची किंमत आम्ही मोजली. माझं शिक्षण शिकवण्या घेत झालं, घराचा वरचा मजला राहून गेला. भावाला राग होता, आणि तो अगदी गैर होता असं मी म्हणणार नाही. पण अण्णा हिशेबात कच्चे होते असं कोणी म्हटलं की मला सहन होत नाही. हिशेब त्यांनी केला होता. त्यात दोन घरं जास्त धरली होती, इतकंच.

दोन्ही काका थकल्यावरच अण्णांनी ट्रेडल काढलं. खिळे वजनावर गेले. आलेल्या पैशांचे त्यांनी तीन वाटे केले, सारखे, आणि दोन वाटे स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिले.