आईचं नाव सातबाऱ्यावर लागेपर्यंत

मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले. जुलैत मी आणि आई वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात गेलो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड, आधार, सगळं पिशवीत होतं. अर्ज दिला की फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरतात, नोटीस काढतात, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. महिना-दीड महिन्याचं काम. आम्हाला दोन वर्षं पाच महिने लागले.

तलाठ्यांनी संगणकावर सातबारा उघडला. बाबांच्या नावापुढे आजोबांचं नाव हवं होतं, तिथे आजोबांच्या धाकट्या भावाचं होतं. हाताने लिहिलेला सातबारा संगणकावर चढवताना कुणाची तरी नजर एक ओळ खाली घसरली असणार. त्यामुळे कागदावर माझे बाबा त्यांच्या चुलत्याचे मुलगे झाले होते. दाखल्यावरचं नाव जुळेना, म्हणून नोंद अडली. चूक कार्यालयाची, पण ती सिद्ध करायची आम्ही. याचा राग मला आजही येतो.

अशी चूक महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होते. तसा अर्ज दिला. आईने एकच हट्ट धरला, "पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही." आमच्या प्रतीवर आवकचा निळा गोल शिक्का बसला, त्यावर तारीख आणि सही. ती प्रत आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबांच्या ट्रंकेत ठेवली.

मग सुरू झाले हेलपाटे. साहेब मीटिंगला, साहेब निवडणुकीच्या कामाला, सर्व्हर डाऊन. मी पुण्याहून रजा काढून यायची, आई गावाहून यष्टीने. मधल्या दोन्ही खरिपांना सोसायटीने पीककर्ज दिलं नाही, कारण सातबाऱ्यावर जिवंत माणसाचं नाव नव्हतं. किसान सन्मानचे वर्षाचे सहा हजारही बंद. बियाण्याला आईने मामांकडून उसने घेतले. दुसऱ्या वर्षी कारकुनाची बदली झाली आणि नवे भाऊसाहेब म्हणाले, "तुमची फाईल दिसत नाही, नव्याने अर्ज करा."

त्या दिवशी मी खचले. जिन्यावर बसून आईला म्हटलं, सोड, करू पुढे कधीतरी. आई काहीच बोलली नाही. पिशवीतून पोच काढली, आत गेली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "भाऊसाहेब, हा शिक्का तुमचाच ना? मग फाईलही तुमच्याकडंच असणार."

मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प आणि एकच प्रश्न: या आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? उत्तराला कायद्याने तीस दिवस असतात. सत्ताविसाव्या दिवशी फाईल सापडली.

आता पुरावा हवा होता, आजोबांच्या वारसाचा १९७४ चा फेरफार. अभिलेख कक्षात लाल कापडात बांधलेली दप्तरं छतापर्यंत रचलेली. तिथल्या शिपाईमामांनी आमच्यासोबत तीन दिवस दप्तरं सोडली आणि परत बांधली. ते त्यांचं काम नव्हतं, तरी केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पान निघालं. कडा हाताला लागताच झडत होत्या, पण मधली शाई काळीभोर. 'मयताचे वारस' या शब्दांखाली बाबांचं नाव, वय अकरा. आईने ते नाव दोनदा मोठ्याने वाचलं.

त्याची नक्कल जोडल्यावर आदेश व्हायला दीड महिना पुरला. मग वारसाचा फेरफार, नोटीस, पंधरा दिवस. डिसेंबर २०२३ मध्ये नोंद प्रमाणित झाली: आई, मी आणि भाऊ.

मी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला आणि घरी नेला. आईने चष्मा लावला, स्वतःच्या नावाखाली बोट धरलं, बराच वेळ तसंच ठेवलं. मग ते बोट हळूहळू इतर हक्काच्या रकान्याकडे सरकलं.

"हा सोसायटीचा बोजा अजून कसा? तुझ्या बाबांनी २०१८ ला फेडलाय," असं म्हणत ती पावती शोधायला ट्रंकेकडे गेली.