माझा टिश्यू हललाच नाही

तर झालं असं की फोनेटिक्सच्या, म्हणजे उच्चारशास्त्राच्या, दुसऱ्याच लेक्चरला मॅडमनी सगळ्यांना एकेक टिश्यू पेपर दिला, म्हणाल्या तोंडासमोर धरा आणि "पिन" म्हणा. वर्गातल्या पंधरा जणींचे टिश्यू फडफडले. माझा ढिम्म. मला वाटलं नीट धरला नाही, परत म्हटलं, परत तेच. मॅडम हसून म्हणाल्या की हेच दाखवायचं होतं, इंग्लिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा प हवा सोडून म्हणतात आणि "स्पिन"मधला प बिनहवेचा, पण या अमेरिकन मुलींना दोन्ही सारखेच ऐकू येतात कारण त्यांच्या भाषेत त्या फरकाने अर्थ बदलत नाही. आणि मी म्हणते तो सगळीकडे आपला साधा प. मग मी आजी म्हणायची तसं, ओठ मिटून, "फळ" म्हटलं आणि टिश्यू थेट समोरच्या बाकावर.

थोडं मागे जाते. हिंजवडीत ११ वर्षं टेस्टिंग केलं, मग नवऱ्याच्या नोकरीपायी टेक्सस, डिपेंडंट व्हिसा, घरी बसून बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा स्पीच पॅथॉलॉजीच्या मास्टर्सला अर्ज केला. डिग्री कॉम्प्युटरची, त्यामुळे आधी पायाचे विषय करावे लागतायत: फोनेटिक्स, बोलण्या-ऐकण्याची अ‍ॅनाटॉमी, मुलांचा भाषाविकास, ऑडिओलॉजी. पुढे ४०० तासांचं क्लिनिकल काम, त्यातले २५ नुसतं बघायचे. हे नियम ठरवणारी इथली संस्था अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, तिला सगळे "आशा" म्हणतात, त्यामुळे मी फोनवर "आशाचे नियम फार कडक आहेत" म्हटलं की आईला गावातल्या आशाताई आठवतात.

आईचा पहिला प्रश्न, "म्हणजे तोतऱ्या मुलांना शिकवणार का गं?" ते तर आहेच, पण पॅरालिसिसनंतर शब्द न सापडणारी माणसं, आवाज बसलेले शिक्षक, आणि गिळायला त्रास होणारे पेशंटसुद्धा. "गिळणं पण शिकवतात?" मलाही ऑगस्टपर्यंत माहीत नव्हतं.

अ‍ॅनाटॉमी मला झेपणार नाही असं वाटलं होतं, पण तीच आवडायला लागलीये. स्वरतंतू हलवणारी डावी नस मेंदूतून निघते, गळ्यात स्वरयंत्राच्या शेजारून सरळ खाली छातीत जाते, महाधमनीला वळसा घालते आणि मग परत वर गळ्यात येते. मुंबईहून ठाण्याला व्हाया पुणे! म्हणून कधीकधी आवाज घोगरा होण्याचं कारण गळ्यात नसतं, छातीत असतं. हे वाचल्यापासून कुणाचा आवाज महिनाभर बसलेला असला की मी "आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवा" म्हणून मागे लागते, घरचे वैतागलेत.

पण परत फोनेटिक्सकडे येते, कारण खरी गंमत आणि खरा मार तिथेच खाल्ला. व्यंजनांचा तक्ता आला तेव्हा मी मनात म्हटलं अरे ही तर आपली वर्णमाला! क-वर्ग घशाजवळ, मग टाळू, मूर्धा, दात, शेवटी प-वर्ग ओठांवर, तोंडाच्या आतून बाहेर रांगेने. "आमच्याकडे हे सगळं आधीपासून होतं" म्हणणारा काका व्हायचा मोह झाला, पण गप्प बसले. बरंच झालं, कारण पुढच्या आठवड्यात ऐकून लिहायची टेस्ट होती, "वाइन" की "व्हाइन", आणि मला २० पैकी ११. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच पडले असते. त्यांचा एक व ओठांचा गोल करून म्हणायचा आणि दुसरा वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, आणि आपला व या दोघांच्या मधला कुठला तरी, त्यामुळे माझ्या कानाला दोन्ही एकच. ज्या मुलींना प-फ कळत नव्हता त्यांना २० पैकी २०. कान बिघडलेला कुणाचाच नव्हता, माझा मराठीत तयार झालेला आणि त्यांचा इंग्लिशमध्ये.

हे नुसतं मार्कांपुरतं नाही. एका मैत्रिणीच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला डे-केअरमध्ये सांगितलं की उच्चार चुकतात, घरी मराठी बंद करा. दोन भाषांमुळे बोलण्याचा आजार होत नाही, हे आम्हाला पहिल्याच टर्मला शिकवतात. घरच्या भाषेच्या सवयीने "वेस्ट"चं "व्हेस्ट" झालं तर तो फरक आहे, दोष नाही. दोष असेल तर तो साधारण दोन्ही भाषांत दिसतो, म्हणजे ती घरी "काका"ला "ताता" आणि "कावळा"ला "तावळा" म्हणत असेल तर साडेतीनला एकदा तपासून घ्यावं. आई म्हणाली वेखंड उगाळून चाटवा. मी म्हटलं आई, नको. "तुला चाटवलं होतं, आता बघ किती बोलतेस."

गेल्या आठवड्यातला होमवर्क म्हणजे घरच्या भाषेतलं एक मिनिट बोलणं आयपीएमध्ये, म्हणजे उच्चार जसाच्या तसा टिपायच्या आंतरराष्ट्रीय लिपीत, लिहायचं. आईची व्हॉइस नोट घेतली, स्वयंपाकघर आवरताना पाठवलेली. तिसऱ्या वाक्याला अडकले. "चहा"तला च आणि "चमचा"तला च वेगळे आहेत! आयुष्यभर दोन्ही बोलतेय, लक्षातच आलं नाही कारण अक्षर एकच. आणि अजून पुढे, "चमचा"चं "चमचे" केलं की शेवटचा च बदलतो, "माझा"चं "माझी" केलं की झ बदलतो. आईला फोन लावला तर म्हणे असं काही नाही, शाळेत एकच च शिकवला. मग पाच मिनिटं ती पलीकडे पुटपुटत होती, चमचा, चमचे, चमचा, आणि मग एकदम शांतता. "अगं हो की!"

तेव्हापासून व्हॉट्सॅपवर शब्द येतायत. चूल. चिमटा. चकली. चिवडा. काल रात्री "चटणी" आला, त्यावर तिचं आणि बाबांचं जुंपलंय आणि मला निकाल द्यायला सांगितलंय.